न लावलेलं रीळ

ऑपरेटरबाईला सिनेमा बघणाऱ्यांची कीव यायची आणि सिनेमा बघून रडणाऱ्यांचा तिटकारा. तिचा सगळा जन्म थिएटरच्या केबिनमध्ये गेला. आधी तिचे वडील मशीन चालवायचे; त्यांचे डोळे अधू झाले तसं मशीन आपसूक तिच्या हातात आलं. बाई मशीन चालवते म्हणून सुरुवातीला गावानं नाकं मुरडली. मग पडदा पूर्वीइतकाच उजळतोय आणि रीळ पूर्वीपेक्षा कमी तुटतंय हे बघून गाव गप्प झालं. तिला ना त्या नाकांचं काही वाटलं, ना गप्प बसण्याचं. केबिनच्या भिंतीत एक चौकोनी भोक होतं. त्यातून ती खाली अंधारात बसलेल्या डोक्यांकडे बघायची आणि म्हणायची, "बसलीत बघा मेंढरं."

त्या थिएटरची एक रीत होती, आणि ती फक्त त्याच थिएटरची होती. तिथे सिनेमे संपत नसत. आसपासच्या वस्त्यांना जाणारी शेवटची बस संध्याकाळच्या खेळानंतर लगेच सुटायची. कंडक्टर थिएटरच्या गल्लीकडे तोंड करून ओरडायचा, "सिनेमा सुटला का? अजून कुणी यायचंय का?" आणि घंटी मारायचा. एकदाच विचारायचा, दुसऱ्यांदा नाही. पूर्वी कधीतरी एक लांबलचक सिनेमा बसच्या वेळेपलीकडे गेला, अर्धं थिएटर रस्त्यावर राहिलं, आणि त्या अर्ध्या थिएटरनं परत येऊन खुर्च्या मोडल्या. मालक मनाचा वाईट नव्हता, पण भित्रा फार. त्या दिवसापासून त्याचा हुकूम असा, की सिनेमा लांब असेल तर शेवटचं रीळ लावायचंच नाही. गाणी कापली तर लोक शिट्ट्या मारतात, मारामाऱ्या कापल्या तर खुर्च्या मोडतात. शेवट कापला तर कुणाला कळतंय?

तर शेवटचं रीळ डब्यातच राहायचं. त्याच्या आधीच्या रिळाला ऑपरेटरबाई 'समाप्त' असं लिहिलेली एक पट्टी चिकटवायची. ती पट्टी तिच्या वडिलांनी कुठल्यातरी जुन्या सिनेमातून कापून ठेवली होती. सिनेमा कुठलाही असो, संपायचा त्याच पट्टीवर. दुपारच्या खेळाला तरी पूर्ण दाखवू या, असं तिनं एकदा सुचवलं, तर मालक म्हणाला, "एकाला एक शेवट आणि दुसऱ्याला दुसरा, मग नाक्यावर भांडणं. नकोच ते."

याचा परिणाम असा झाला, की त्या गावातल्या माणसांना लांब सिनेमांचे शेवट ठाऊक नव्हते, आणि आपल्याला ते ठाऊक नाहीत हेही ठाऊक नव्हतं. त्यांच्या सिनेमांत खलनायक मोकळे सुटायचे, हरवलेले भाऊ हरवलेलेच राहायचे, हॉस्पिटलात नेलेली आई बरी झाली की नाही याची कुणी चौकशी करायचं नाही. "आयुष्य असंच असतं," असं म्हणून मंडळी शेंगदाण्याची टरफलं झटकत बस पकडायची. बाहेरगावाहून लग्न होऊन आलेली एखादी सून म्हणायची, "पण ती आई बरी होते की!" की सगळं घर तिला हसायचं. हे ऐकलं की ऑपरेटरबाई म्हणायची, "हसू देत. हसायला अक्कल कुठे लागते."

एवढं सगळं कळत असूनही तिनं नवरा केला तो त्याच गावातला.

नवरा चपलांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकासमोर गुडघा टेकायचा, पाय हातात घ्यायचा, अंगठ्याच्या टोकाशी दाबून बघायचा. "ही नको, ही चावेल," असं म्हणाला की ती खरंच चावणारी असायची. त्या कामात तो चांगला होता, हे तिनं कधी नाकारलं नाही. पण काम करताना तो गायचा. आवाज वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, कुणीतरी वेळीच गप्प केलं असतं. घरी त्याची आई होती, ती ऊठसूट शेजाऱ्यांना ऐकवायची, "माझा मुलगा कलाकार आहे. चपला तो नाइलाजानं विकतो." त्या चपलांवर आणि सुनेच्या मशीनवर घर चालायचं, पण ते चालणं कलेत मोडत नसल्यामुळे सासूच्या तोंडी कधी यायचं नाही.

आणि मग तो सिनेमा आला.

कुठलाही नवा सिनेमा आला की ऑपरेटरबाई डबे उघडून सगळी रिळं टेबलावर हातानं फिरवून बघायची. कुठे जोड सुटलाय, कुठे कड फाटलीय हे बोटांना कळायचं. चित्रं दिसायची ती दिव्यासमोर, नखाएवढी आणि मुकी. आवाज काही टेबलावर ऐकू येत नाही. त्या नखाएवढ्या चित्रांतून तिनं गोष्ट समजून घेतली. एक गाणारा भटक्या. पाठीला गिटार, चपलांवर धूळ, ठावठिकाणा नाही. तो एका आनंदमेळ्यात येतो आणि लाकडी घोड्यांचं चक्र फिरवायच्या कामाला लागतो. चक्राच्या मालकिणीचा, त्या घोडेवालीचा, त्याच्यावर जीव जडतो. मेळ्यात गर्दी वाढते ती त्याच्या गाण्यामुळे, आणि गाणी एकामागून एक सुरूच. मग एक दिवस त्याला रस्ता बोलावतो. तो गिटार उचलतो, भर मेळ्यातून गात गात निघून जातो, आणि ती चक्राच्या पायऱ्यांवर उभी राहून नुसती बघते.

हे झालं आधीच्या रिळापर्यंत. शेवटच्या रिळात भटक्याचा घसा धुळीनं बसतो. कुठे काम मिळत नाही, कुणी दारात उभं करत नाही. फाटक्या अवतारात तो मेळ्यात परत येतो, चक्राच्या पायऱ्यांशी उभा राहतो, आणि ती एकेक पायरी उतरून खाली येते आणि त्याचा हात हातात घेते. बस, एवढंच. ऑपरेटरबाईनं ते रीळ गुंडाळलं आणि डब्याचं झाकण दाबून लावलं. "मूर्ख बाई," ती घोडेवालीला उद्देशून म्हणाली. "तो तोंडातून चकार शब्द काढत नाही आणि ही धावत खाली!" सिनेमा लांब होता. शेवटचं रीळ रीतीप्रमाणे डब्यात राहिलं, आणि या खेपेला तिला ते मनापासून पटलं.

गावानं तो सिनेमा डोक्यावर घेतला. नवऱ्यानं तर तो अंगातच घेतला. दुकान बंद झालं की तो थेट थिएटरात, बायको ऑपरेटर म्हणून फुकटात. पुढे पुढे दुकान बंद व्हायचीही वाट बघेना. आधी केस वाढले. मग चाल बदलली, एक खांदा पाडून चालायला लागला. मग कुणाकडून तरी एक जुनी गिटार आणली. तिला एक तार कमी होती, पण वाजवणाऱ्याला वाजवताच येत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकांसमोर गुडघा टेकायची त्याला लाज वाटू लागली. "मी कुणासमोर वाकणारा माणूस नाही," असं तो एका म्हातारीला म्हणाला. म्हातारी म्हणाली, "मग काय मी वाकू? मला वाकता येत नाही म्हणून तर तुला सांगतेय." दुकानदारानं त्याला त्याच आठवड्यात घरी बसवलं. गावानं त्याचं नाव हीरो ठेवलं. गावाला वाटलं आपण टवाळी करतोय, त्याला वाटलं मान देतायत.

त्याच सुमाराला स्टँडमागच्या मैदानात खराखुरा आनंदमेळा आला. पाळणा, घोड्यांचं चक्र, आरशांची खोली, नेम मारायचे फुगे. मेळ्याच्या मालकाला गायक नको होता, पण माइकवर ओरडणाऱ्याचा घसा बसला होता. हीरोनं गाऊन दाखवलं. मालक म्हणाला, "हे ठीक आहे, पण मध्ये मध्ये पाकिटं सांभाळा म्हणून सांगता येईल का?"

मेळ्याचं सामान ट्रकवर चढत होतं त्या दिवशी तो घरी आला. गिटार पाठीला, एक खांदा पाडलेला. उंबऱ्यात उभं राहून म्हणाला, "मला रस्ता बोलावतोय."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "बरं. येताना भाजी घेऊन या."

तो उभाच राहिला. सिनेमात अशा वेळी बाई काही बोलत नाही, डोळ्यांत पाणी आणते. त्यानं त्या पाण्याची जरा वाट बघितली. आतून आई रडत बाहेर आली, "जा रे बाळा, कलेला कोण अडवणार!" तेवढ्यावर भागवून तो गेला. भाजी नाही म्हणून त्या दिवशी सासूसुनांनी लोणच्याशी भाकर खाल्ली, आणि सासूनं सुनेलाच बोल लावला, की एक गोड शब्द बोलली असतीस तर थांबला असता.

गोड शब्दाचं तिला काही वाटलं नाही. टोचलं ते दुसरंच. कधीमधी रिळं गुंडाळताना मनात यायचं, ते शेवटचं रीळ आपण लावलं असतं तर? घसा बसलेला, फाटक्या अवतारातला भटक्या त्यानं बघितला असता तर गेला असता का? मग ती स्वतःलाच झापायची. रीळ बघून शहाणा होणारा माणूस रीळ बघून खुळा झाला असता का? हे उत्तर चोख होतं, पण ते तिला पुन्हा पुन्हा द्यावं लागायचं.

आता भटक्या म्हणजे कसा? आज इथे, उद्या कुठे, त्याचं त्यालाच माहीत नाही. पण हा भटक्या वेळापत्रकाप्रमाणे भटकायचा. आनंदमेळ्याचं मोठं पत्रक थिएटरच्या भिंतीवर चिकटवलेलं असायचं. त्यावर गावांची नावं आणि तारखा क्रमानं छापलेल्या. नवरा आज कुठल्या मैदानात माइकवर ओरडतोय हे तिला कुठल्याही दिवशी नुसतं भिंतीकडे बघून कळायचं. एवढा पक्का पत्ता गावातल्या पोस्टमनचाही नसेल. आणि दर वर्षी, ठरल्या दिवसांत, हा वाऱ्यावर सोडलेला, कुणाचाही नसलेला, रस्त्यानं बोलावलेला माणूस बरोबर स्टँडमागच्या मैदानात, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर यायचा.

पहिल्या वर्षी तो ऐटीत आला. थिएटरच्या मागे केबिनकडे जाणारा लोखंडी जिना होता. त्याच्या खाली उभा राहून सिनेमातलं सगळ्यात मोठं गाणं खड्या आवाजात गायला. तो घर सोडून जाईपर्यंत ती त्याला 'अहो' म्हणायची. त्या दिवशी दार उघडून म्हणाली, "अरे, आत खेळ चालू आहे. आवाज बंद कर." आणि दार लावून घेतलं. 'अहो'वरून ती 'अरे'वर आली ती कायमची.

दुसऱ्या वर्षापासून त्याचं गाणं थांबलं. तो यायचा, जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा राहायचा आणि बंद तोंडानं काहीतरी गुणगुणायचा. संथ, रडवेली अशी ती चाल होती. सिनेमात असलं गाणं नव्हतं. तिला वाटलं, शब्द विसरला असेल, नाहीतर स्वतःची चाल बसवली असेल, कलाकार ना! "काय हवंय?" ती वरून विचारायची. तो मान हलवायचा आणि गुणगुणत राहायचा. थोडा वेळ उभा राहून निघून जायचा. मग मैदानातून माइकवर त्याचा आवाज यायचा, "निळ्या टोपीतलं मूल सापडलंय, आईनं पाळण्यापाशी यावं." तेही सुरात. वर्षं गेली तसं त्याचं पोट सुटलं, केस वरून गेले पण मागून वाढलेलेच राहिले. गिटारीच्या तारा एकेक करून गेल्या. शेवटी नुसतं लाकूड पाठीला लटकवून फिरायचा. एखाद्याला वाईट वाटलं असतं. तिला वाटायचं, याला कुणी आरसा का दाखवत नाही, मेळ्यात तर आरशांची अख्खी खोली आहे.

सासू गेली ती तिच्याच मांडीवर. शेवटच्या आजारपणातही सासूनं खोकल्याच्या गोळ्या उशीखाली दडवून ठेवल्या होत्या, मुलाच्या घशासाठी. मेळा तेव्हा दूर होता. निरोप गेला, पण हीरो आला तो पत्रकातल्या तारखेलाच. त्या संध्याकाळी त्यानं माइकवर "आईच्या आठवणीत" म्हणून एक गाणं म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑपरेटरबाईनं दुसऱ्या दिवशी त्या गोळ्या पुडीत बांधून वरून त्याच्या अंगावर टाकल्या. त्यानं पुडी उचलली, खिशात ठेवली, आणि गुणगुणायला लागला.

तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावात राहायची, बसच्या अगदी शेवटच्या थांब्याला. तिथल्या थिएटरात जाणत्या ऑपरेटरची गरज होती. "ताई, ये ना इकडे," ती वर्षानुवर्षं म्हणत होती. "वरची खोली रिकामीच आहे. पगारही बरा आहे." ताई म्हणायची, सासू आहे. सासू गेल्यावर म्हणायची, इथलं मशीन जुनं आहे, दुसऱ्याच्या हाताला ऐकत नाही. एकदा धाकटी भेटायला आली ती नेमकी मेळ्याच्या दिवसांत. केबिनचं दार सताड उघडं बघून तिनं विचारलं, "वर्षभर धूळ येते म्हणून दार बंद ठेवतेस, आज उघडं कसं?"

"उकडतंय," ताई म्हणाली.

धाकटीनं अंगातला स्वेटर नीट ओढून घेतला. "ताई, तू कुणाची वाट बघतेस?"

"वाट? मी? त्या बुजगावण्याची?" ऑपरेटरबाई इतकी जोरात म्हणाली, की खालच्या दोनचार मेंढरांनी माना वळवल्या.

पण वाट ती बघतच होती, आणि आपण बघतोय याची तिला मनस्वी चीड होती. तिला काही संसार नको होता. एकच हवं होतं. त्यानं त्या जिन्यानं वर यावं आणि तोंडानं म्हणावं, चुकलो. पुढे काय करायचं ते ती बघून घेणार होती. कदाचित जिन्यावरून ढकलूनही देणार होती. पण ते एक वाक्य ऐकल्याशिवाय हे गाव सोडलं तर तो पुढच्या वर्षी येणार आणि रिकाम्या जिन्याशी उभा राहणार, आणि मग ते वाक्य कुणाला सांगणार? एवढ्यासाठी ती राहिली होती. एका लाकूड लटकवलेल्या माणसाच्या एका वाक्यासाठी.

मग थिएटर विकलं गेलं. तिथे गोदाम होणार होतं. मालक आता फार म्हातारा झाला होता, आणि म्हातारपणी माणसं हळवी होतात तसा झाला होता. म्हणाला, "शेवटचा खेळ त्याच सिनेमाचा करू. लोक अजून नाव काढतात." मेळा त्याच दिवसांत गावात होता, म्हणजे गर्दीही होणार होती. जुनी, ठिकठिकाणी जोडलेली रिळं आली. ऑपरेटरबाईनं सवयीनं 'समाप्त'ची पट्टी काढली, तर मालक म्हणाला, "राहू दे ती. पूर्ण दाखव. आता सगळ्यांकडे गाड्या झाल्यात, बसला कोण विचारतंय? एकदा तरी पूर्ण दाखवू या." असं म्हणून त्यानं डोळे पुसले. तिनं तोंड वाकडं केलं, पण पट्टी ठेवून दिली.

तिनं धाकटीला येते म्हणून कळवलं होतं. पिशवी भरून केबिनच्या कोपऱ्यात तयार होती. म्हणजे आज, याच संध्याकाळी, एक तर तो बोलणार होता, नाहीतर ते वाक्य कायमचं राहून जाणार होतं.

थिएटर भरलं. लोकांनी गाणी पडद्याच्या वरताण म्हटली. भटक्या भर मेळ्यातून गात निघाला, घोडेवाली पायऱ्यांवर उभी राहिली, आणि लोक सवयीनं उठून टरफलं झटकायला लागले. सिनेमा मात्र पुढे चालूच राहिला. माणसं अर्धवट उठलेली तशीच थबकली. पडद्यावर त्यांचा लाडका हीरो फाटक्या अवतारात भीक मागितल्यासारखा फिरत होता. "हे काय?" कुणीतरी ओरडलं. "शेवट बदलला!" दुसरा म्हणाला. "आमच्या वेळी असं नव्हतं!" "चांगल्या सिनेमाची वाट लावली!" खुर्च्या आपटायला लागल्या. मालकानं त्या तशाही भंगारात काढल्या होत्या, त्यामुळे या खेपेला तो शांत होता. ऑपरेटरबाईला हसू आलं. उभ्या गावाला त्यांचा खरा शेवट दाखवला तर त्यांना तो खोटा वाटला!

आणि मग तिनं ते ऐकलं. पडद्यावरचा भटक्या चक्राच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. घसा बसल्यामुळे त्याला गाता येईना, म्हणून तो बंद तोंडानं गुणगुणायला लागला. संथ, रडवेली चाल. तीच. इतकी वर्षं जिन्याखालून वर येणारी.

तिचा हात मशीनवर तसाच राहिला. टेबलावर फिरवताना चित्रं मुकी होती. ही चाल तिनं आज पहिल्यांदा ऐकली. म्हणजे त्यानं शेवट बघितला होता. दुसऱ्या कुठल्यातरी गावात, जिथे सिनेमे संपतात अशा थिएटरात, तो पहिल्यांदा येऊन गेल्यानंतरच्या वर्षात. कापलेलं रीळ त्याला कधीचंच कळलेलं होतं, आणि ते बघूनही तो शहाणा झाला नव्हता. ती इतकी वर्षं एका रिळाचा दोष उगाच अंगावर घेऊन बसली होती, आणि तो इतकी वर्षं खाली उभा राहून तिच्या पायऱ्या उतरण्याची वाट बघत होता. माफी मागायची नाही, एक शब्द बोलायचा नाही. येऊन उभं राहायचं आणि गुणगुणायचं, की बाई धावत खाली येणार. जाणं सिनेमातून उचललं, ते उचललं. परत येणंही याला सिनेमातूनच उचलावं लागलं! आणि त्यातही पुन्हा सगळं काम बाईनंच करायचं.

रीळ संपलं. खाली आरडाओरडा करत लोक बाहेर पडले. तिनं मशीन बंद केलं, पिशवी उचलली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. तो खाली उभा होताच. आतला आवाज त्यानं बाहेरून ऐकला असणार. डोळे पाणावले होते. तिला बघून तो गुणगुणायला लागला.

"वर ये," ती म्हणाली.

तो गुणगुणत राहिला.

"ऐकू येत नाही? वर ये आणि काय ते तोंडानं सांग. चुकलो म्हण. नाहीतर चुकलो नाही म्हण. पण बोल."

त्याचं गुणगुणणं थांबलं. चेहऱ्यावर गोंधळ आला, शाळेत पाठ केलेला प्रश्न सोडून दुसराच विचारल्यावर येतो तसा. त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग परत खाली घेतला.

"पण ती खाली येते ना," तो म्हणाला.

"कोण?"

"ती. घोडेवाली. तो काही बोलत नाही, ती आपणहून खाली येते. आत्ताच तर दाखवलंस."

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. मग एकेक पायरी उतरायला लागली. त्याचा चेहरा उजळला. त्यानं एक खांदा पाडला, पोट आत घेतलं, आणि सिनेमातल्यासारखा हात पुढे केला. ती शेवटची पायरी उतरली, त्या हाताला वळसा घालून पुढे गेली आणि गल्लीला लागली.

"अगं," मागून त्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आवाजात गाणं नव्हतं. "अगं, पण आता पुढे काय?"

ती थांबली, पण वळली नाही. "मला नको विचारूस. याच्या पुढचं रीळ आलेलं नाही."

गल्ली संपेपर्यंत तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. सिनेमा सुटल्यावर नाकं पुसत बाहेर पडणाऱ्या बायकांना तिनं आयुष्यभर नावं ठेवली होती. तिनं बाहीनं तोंड कोरडं केलं.

ज्या बससाठी तिनं सगळ्या सिनेमांच्या शेपट्या छाटल्या त्या बसमध्ये ती सामान घेऊन, परत न येण्यासाठी, पहिल्यांदाच चढत होती. आत जेमतेम चार माणसं होती; उतारू मिळेनात म्हणून आता ती उशिरापर्यंत थांबायची. ती खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टर दारात उभा राहिला आणि सवयीनं थिएटरच्या गल्लीकडे तोंड करून ओरडला, "सिनेमा सुटला का? अजून कुणी यायचंय का?"

गल्लीतून कुणी उत्तर दिलं नाही. तो घंटीच्या दोरीला हात घालून थोडा थांबला आणि मागे वळून तिला विचारता झाला, "बाई, तुम्ही थिएटरातल्याच ना? यायचंय का कुणी?"

तिनं खिडकीतून एकदा बघितलं. गल्लीच्या तोंडाशी तो उभा होता, पुढे केलेला हात अजून तसाच अर्धवट.

"नाही," ती म्हणाली. "कुणी यायचं नाही. सोडा बस."